'ऑल्दो'च्या पाठीमागे 'बट' का चालत नाही? इंग्रजीतील गौणत्वसूचक अव्यये आणि आपली मराठी सवय

मिरजेची_मावशी

माझा भाचा यंदा नववीत आहे. सेमी-इंग्रजी माध्यम असल्यामुळे गणित आणि विज्ञान तो इंग्रजीतून बिनतक्रार वाचतो. पण इंग्रजीत स्वतःची दोन वाक्ये जोडायची वेळ आली की अडखळतो. सहामाहीची उत्तरपत्रिका घेऊन तो परवा माझ्याकडे आला. तिच्यातली पाच वाक्ये जशीच्या तशी येथे उतरवते.

'ऑल्दो ही वॉज इल, बट ही वेंट टू स्कूल.'
'बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड ॲट होम.'
'वेट हिअर अंटिल आय डू नॉट कम.'
'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.'
'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग.'

पाचही वाक्यांतल्या एकेका शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ आहे आणि समासात अर्धा गुण कापल्याची खूण आहे, पण चूक काय झाली ते कोठेही लिहिलेले नाही. मुलाचे म्हणणे असे, की "मावशी, मी मनात मराठी वाक्य नीट तयार केले होते, ते बरोबर आहे, मग इंग्रजी चुकले कसे?" त्याच्या गाइडमध्ये उभयान्वयी अव्ययांचा तक्ता आहे, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. बिकॉज म्हणजे कारण, ऑल्दो म्हणजे जरी, अंटिल म्हणजे जोपर्यंत. हा तक्ता त्याला तोंडपाठ आहे. माझे स्वतःचे इंग्रजी कामापुरते ठीक आहे, त्यामुळे चूक कोणती ते मला दिसते. ती चूक का, हे मात्र सांगता येत नाही. आपणांपैकी कोणी शिकवले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

खडूफळा

मावशी, मी मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि ही पाच वाक्ये दरवर्षी नव्या हस्ताक्षरात तपासली. आपला भाचा गोंधळलेला नाही. तो अतिशय नियमाने चुकतो आहे, आणि तो नियम मराठीचा आहे.

पहिले वाक्य घेऊ. 'जरी तो आजारी होता, तरी तो शाळेत गेला.' येथे मराठी दोन्ही वाक्यांच्या तोंडाशी एकेक खूण लावते: जरी आणि तरी. आपल्याकडे अशा जोड्या पुष्कळ आहेत. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जेथे-तेथे, जसे-तसे, जोपर्यंत-तोपर्यंत. एकीकडे कडी, दुसरीकडे कोयंडा, तेव्हा कोठे दार लागते. इंग्रजीचे दार मात्र नुसत्या कडीने लागते. 'ऑल्दो' हा शब्द पहिल्या वाक्याला गौण करतो आणि त्याच वेळी त्याला दुसऱ्या वाक्याशी बांधतो. ही दोन्ही कामे तो एकटाच उरकतो, म्हणून 'तरी'साठी इंग्रजीत शब्द शोधायला जाऊ नये. मुले तो शोधतात, तेथे 'बट' सापडतो आणि अर्धा गुण जातो.

आता 'बट' का चालत नाही, ते सांगतो. 'बट' हे प्रधानत्वसूचक अव्यय आहे. ते बरोबरीच्या दोन वाक्यांना जोडते. त्याच्या उजवीकडे स्वतंत्र वाक्य लागते, तसे डावीकडेही लागते. 'ऑल्दो'ने डावीकडचे वाक्य आधीच परावलंबी करून ठेवलेले असते. 'ऑल्दो ही वॉज इल' एवढेच बोलून कोणी गप्प बसले, तर आपण पुढे ऐकण्यासाठी थांबतो. अशा अर्धवट वाक्याला 'बट' कोणाच्या बरोबरीने जोडणार? म्हणून दोन्हींपैकी एकच ठेवावा. 'ऑल्दो ही वॉज इल, ही वेंट टू स्कूल' हे बरोबर, आणि 'ही वॉज इल, बट ही वेंट टू स्कूल' हेही बरोबर. दुसऱ्या वाक्यातील बिकॉज आणि सो यांचा हिशेबही हाच आहे, तो वेगळा सांगत नाही.

पन्हाळ्याचे_धुके

सर, एक शंका आहे. मग 'इफ'च्या पाठोपाठ 'देन' कसे चालते? 'इफ इट रेन्स, देन वी विल स्टे ॲट होम' असे वाक्य मी इंग्रजी पुस्तकांत कितीतरी वेळा वाचले आहे. शिवाय आमच्या वडिलांच्या वेळचे व्याकरण घरी आहे, त्यात 'दो' आणि 'येट' यांची जोडी चक्क शुद्ध म्हणून दिलेली आहे. हा तर सरळसरळ जरी-तरी झाला.

खडूफळा

शंका रास्त आहे, आणि वर्गात हुशार मुले हाच प्रश्न विचारतात. 'देन' आणि 'येट' हे शब्द तेथे वाक्य जोडण्याचे काम करत नाहीत. ते मुख्य वाक्यात क्रियाविशेषणासारखे बसलेले असतात. याची एक सोपी कसोटी आहे. ज्या शब्दाच्या आधी 'अँड' लावता येतो, तो शब्द 'बट'सारखा बरोबरीची वाक्ये जोडणारा निखळ जोडशब्द नाही. 'अँड देन' म्हणता येते, 'अँड येट' म्हणता येते, 'अँड बट' मात्र कोणी म्हणत नाही. 'दो'-'येट' ही जोडी जुन्या इंग्रजीत सर्रास आढळते. १६११ च्या बायबलच्या भाषांतरातही ती आहे. आजच्या लेखनात ती विरळ झाली आहे, पण तिला अशुद्ध म्हणता येणार नाही. नववीतल्या मुलाने मात्र तिच्या वाटेला न गेलेले बरे, कारण परीक्षक वर्तुळ आधी काढतो आणि विचार नंतर करतो. मी स्वतः परीक्षक होतो, म्हणून सांगतो.

अर्धविराम

मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे रोज हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. खडूफळा सरांनी कडी आणि कोयंडा नेमके सांगितले. मला त्यात एक भर घालायची आहे. कडी किती आहेत यापेक्षाही ती कोठे बसते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

इंग्रजीतील गौण वाक्याची खूण नेहमी त्या वाक्याच्या तोंडाशी असते. मराठीत ती बहुतेक वेळा शेपटाशी असते, आणि बहुतेक वेळा ते उभयान्वयी अव्यय नसतेच. 'पाऊस पडत असल्यामुळे आम्ही घरी थांबलो', 'तो आल्यावर सांगेन', 'जेवताना बोलू नये', 'मी येईपर्यंत थांब', 'विचारल्याशिवाय हात लावू नकोस', 'आजारी असूनही तो शाळेत गेला'. या सहा वाक्यांचे इंग्रजी करायला बसलो, तर बिकॉज, व्हेन, व्हाइल, अंटिल, अनलेस आणि ऑल्दो असे सहा शब्द लागतील. मराठीत मात्र एकही जोडशब्द नाही. क्रियापदाचे धातुसाधित रूप करायचे, त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटवायचे, की काम झाले. आपण घरात बोलतो ती मराठी अशीच असते. 'जरी तो आजारी होता, तरी तो शाळेत गेला' असे वाक्य माझ्या आईच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ती 'आजारी असून गेला हो शाळेत' असे म्हणेल.

गाइडमधल्या तक्त्याचा दोष मला येथे दिसतो. त्यात शब्दासमोर शब्द ठेवलेला आहे, आणि तो शब्दही पुस्तकी मराठीतला. 'अंटिल'समोर 'जोपर्यंत' लिहिण्याऐवजी 'येईपर्यंत' लिहिले असते, तर तिसरे वाक्य चुकलेच नसते.

मिरजेची_मावशी

अर्धविरामताई, हे शेवटचे वाक्य कृपया उलगडून सांगावे. जोपर्यंत आणि येईपर्यंत यांत असा काय फरक आहे? दोन्हींचा अर्थ मला एकच वाटतो.

अर्धविराम

पूर्ण वाक्याचा अर्थ एकच होतो, पण तेथे पोहोचण्याच्या वाटा दोन आहेत. 'मी येईपर्यंत थांब' हे वाक्य शेवटच्या क्षणाकडे बोट दाखवते: माझे येणे ही हद्द, तेथवर थांबायचे. 'जोपर्यंत मी येत नाही, तोपर्यंत थांब' हे वाक्य मधल्या काळाकडे बोट दाखवते: माझ्या न येण्याचा जेवढा काळ आहे, तेवढा सगळा काळ थांबायचे. दुसऱ्या वाक्यात 'नाही' हवेच, कारण तो काळ न येण्याचाच आहे. 'अंटिल' हा शब्द फक्त हद्द दाखवतो. म्हणून 'वेट हिअर अंटिल आय कम', आणि त्यात 'नॉट'ला जागा नाही. भाच्याने 'जोपर्यंत मी येत नाही' हे मनात ठेवले आणि 'अंटिल' कागदावर उतरवला. 'नाही'चा अनुवाद त्याने प्रामाणिकपणे केला, एवढाच त्याचा गुन्हा.

खरे पाहता 'जोपर्यंत'चा जवळचा इंग्रजी सोबती 'ॲज लाँग ॲज' हा आहे. 'जोपर्यंत मी आहे, तोपर्यंत काळजी करू नकोस' या वाक्यात 'अंटिल' घालून पाहावे, म्हणजे घोटाळा लगेच दिसेल. 'डोंट वरी अंटिल आय ॲम हिअर' याचा अर्थ 'मी येथे येईपर्यंत काळजी करू नकोस, नंतर कर' असा काहीसा होतो. धीर द्यायला जावे आणि धमकी होऊन बसावी, तसा प्रकार.

क्लासवाले_काका

'अनलेस'ची कथा अगदी अशीच आहे. 'अनलेस यू डोंट स्टडी, यू विल फेल' हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी वाचतो. 'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच आहे. मराठीतील 'शिवाय'च्या पोटातही ते आहे. 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस' यात 'केल्याशिवाय' म्हटले की अभ्यासाला वेगळे 'नाही' लावावे लागत नाही. म्हणून मी मुलांना 'अनलेस म्हणजे जर नाही तर' असे सांगणे सोडून दिले आणि 'अनलेस म्हणजे केल्याशिवाय' असे सांगू लागलो. त्यानंतर वह्यांमधले ते जादा 'नॉट' पुष्कळ कमी झाले.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी येथे एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती हमखास विचारली जाते. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर दॅन' घालायला सांगतात, तेव्हा अर्धा वर्ग 'नो सूनर व्हेन' लिहितो. 'सूनर' हे 'सून'चे तुलनादर्शक रूप आहे. बिगर म्हटले की दॅन येतो, टॉलर म्हटले की दॅन येतो, तसाच सूनर म्हटला की दॅनच यायचा. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांत तुलना नाही, म्हणून त्यांच्यामागे 'व्हेन' येतो. नकारात्मक शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की 'हॅड' कर्त्याच्या आधी उडी मारतो: 'नो सूनर हॅड ही रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट.' याला शोभेल असे मराठी कोणते, असे एका मुलीने विचारले होते. 'तो स्टेशनवर पोहोचतो न पोहोचतो, तोच गाडी सुटली.' त्यातला 'न' पाहून ती एवढी खूश झाली, की पुढे 'नो' विसरलीच नाही.

पन्हाळ्याचे_धुके

माझे मत जरा वेगळे आहे, राग मानू नये. मुलांना प्रत्येक गोष्ट मराठीच्या आधाराने शिकवल्यामुळेच ही चूक होते, असे मला वाटते. मनात मराठी वाक्य तयार करून मग त्याचे इंग्रजी करायचे, ही सवय आपण लावतो आणि नंतर भाषांतराच्या चुका काढतो. थेट इंग्रजी ऐकवावे, वाचायला द्यावे. 'ऑल्दो' कसा वापरतात, ते कानाला आपोआप कळेल. आम्हाला पाचवीत इंग्रजी सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून भाषांतराचा सोटा पाठीत होता. आता पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी चुका त्याच आहेत, याचा अर्थ पद्धतच चुकीची आहे.

खडूफळा

कानाने शिकता येते, हे मान्य. पण कानावर पडायला हवे ना. ज्या मुलाच्या घरी, गल्लीत आणि खेळाच्या मैदानावर इंग्रजी नाही, त्याच्या कानावर आठवड्यात 'ऑल्दो' किती वेळा पडत असेल? तो मराठीतूनच विचार करणार. त्याला मराठी विसरायला सांगण्यापेक्षा, त्याच्या मनात आधीच असलेल्या दोन मराठी वाक्यांपैकी कोणते वाक्य इंग्रजीच्या जवळचे, ते निवडायला शिकवावे. भाषांतर हा रोग नव्हे, वाईट भाषांतर हा रोग आहे.

चौथ्या वाक्याचे पाहा. 'व्हेन ही विल कम' हे 'जेव्हा तो येईल' याचे शब्दशः रूप आहे. आता मुलाला विचारावे, की तू घरी असे बोलतोस का? तो 'आला की सांगेन' असे बोलतो. 'आला' हे रूप भूतकाळाचे आहे, पण तो माणूस अजून यायचा आहे, आणि ते ऐकून कोणीही गोंधळत नाही. काळाचे काम 'सांगेन'ने केलेले असल्यामुळे 'आला'ला काळाचे ओझे वाहावे लागत नाही. इंग्रजीतही नेमके तेच घडते: 'विल' एकदा मुख्य वाक्यात येऊन गेला, की गौण वाक्यात साधा वर्तमानकाळ पुरतो. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' हे मी मराठीच्या आधारानेच शिकवले, आणि ते मुलांच्या डोक्यात राहिले.

बे_एरियातली_आई

मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे. माझी मुलगी येथेच जन्मली. घरी मराठी, बाहेर सगळे इंग्रजी. आपल्या भाच्याच्या चुका वाचताना मला हसू आले, कारण माझ्या घरी त्याच चुका आरशात पाहिल्यासारख्या उलट्या दिसतात. परवा ती म्हणाली, "आई, कारण पाऊस पडतोय, आपण आत बसू या." दुसऱ्या एका दिवशी, "मी जेवणार नाही अंटिल बाबा येतात." तिच्या मराठीत एकही जोडी पुरी होत नाही. 'जरी' असला तर 'तरी' नाही, 'जर' असला तर 'तर' नाही. तिला तो दुसरा शब्द अनावश्यक वाटतो.

'कारण पाऊस पडतोय, आपण आत बसू या' हे चूक आहे, हे मला ऐकताक्षणी कळले, पण तिने 'का?' विचारल्यावर मी निरुत्तर झाले. हे कोणी समजावेल का?

अर्धविराम

आपल्या मुलीने फार मोलाचे उदाहरण दिले आहे. 'कारण'ने सुरू होणारे वाक्य मराठीत नेहमी मुख्य वाक्याच्या नंतर येते: 'आपण आत बसू या, कारण पाऊस पडतोय.' ते उचलून आधी ठेवता येत नाही. इंग्रजीतील 'बिकॉज'चे वाक्य आधीही येते आणि नंतरही येते. गौण वाक्य ओळखण्याची ही एक चांगली कसोटी आहे: ते मुख्य वाक्याच्या आधी हलवता येते का? 'बिकॉज इट इज रेनिंग, लेट अस सिट इनसाइड' हे चालते, म्हणून बिकॉज गौणत्वसूचक. इंग्रजीत कारण दाखवणारा 'फॉर' हाही एक शब्द आहे, तो मात्र आधी येत नाही, आणि त्याची गणना अँड, बट, ऑर यांच्या पंगतीत होते. या कसोटीने पाहिले तर आपला 'कारण' हा 'बिकॉज'पेक्षा 'फॉर'च्या जवळ जातो.

शालेय मराठी व्याकरणात 'कारण'ला गौणत्वसूचकांतच बसवतात, हे मला ठाऊक आहे. स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक आणि संकेतबोधक हे चार प्रकार आपण सर्वांनी घोकले आहेत. मराठीचे व्याकरण लिहिताना दादोबा पांडुरंगांपासून (१८३६) मोरो केशव दामल्यांपर्यंत (१९११) सर्वांसमोर संस्कृतबरोबर इंग्रजी व्याकरणाचाही नमुना होता, त्यामुळे काही कप्पे आपल्या भाषेला थोडे सैल किंवा थोडे घट्ट बसतात. 'कारण'चा कप्पा मला घट्ट वाटतो. येथे मतभेद होऊ शकेल.

मग 'बिकॉज'ला मराठी काय? 'म्हणून' आणि 'मुळे'. 'पाऊस पडतोय म्हणून आपण आत बसू या.' येथे 'म्हणून' उच्चारताना तो 'पडतोय'ला चिकटतो आणि थांबा त्याच्यानंतर येतो. तो पहिल्या वाक्याचा शेपूट आहे, म्हणजे बिकॉज. पण 'पाऊस पडतोय; म्हणून आपण आत बसू या' असे थांबून म्हटले, तर तोच 'म्हणून' दुसऱ्या वाक्याचे तोंड होतो, म्हणजे सो. मिरजेच्या भाच्याने बिकॉज आणि सो दोन्ही लिहिले, त्यामागे हा एकच 'म्हणून' दोन्ही बाजूंनी ओढला गेला असावा, असा माझा तर्क आहे.

क्लासवाले_काका

अर्धविरामताई, 'बिकॉज ऑफ'चेही सांगावे. 'बिकॉज ऑफ ही वॉज इल' आणि 'इन स्पाइट ऑफ ही वॉज इल' या दोन्हींनी मला जेरीस आणले आहे.

अर्धविराम

'ऑफ'च्या पुढे नाम येते, वाक्य येत नाही. बिकॉज ऑफ इलनेस, पण बिकॉज ही वॉज इल. 'ड्युरिंग' आणि 'व्हाइल' यांचेही असेच: ड्युरिंग द मॅच, पण व्हाइल दे वेअर प्लेइंग. मराठीत 'आजारामुळे' आणि 'आजारी असल्यामुळे' या दोन्हीकडे 'मुळे' एकच असल्याने आपल्याला हा भेद जाणवत नाही.

गंमत म्हणजे आफ्टर, बिफोर, सिन्स आणि अंटिल हे शब्द दोन्हीकडे चालतात. आफ्टर लंच आणि आफ्टर ही लेफ्ट. यावरून डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच असे मांडले होते, की शब्दयोगी अव्यय आणि उभयान्वयी अव्यय या दोन वेगळ्या जाती मानण्याचे कारण नाही. २००२ साली आलेल्या केंब्रिजच्या बृहद् इंग्रजी व्याकरणात तर बिकॉज, ऑल्दो, आफ्टर या सगळ्यांना शब्दयोगींच्याच गोटात टाकले आहे. गौण वाक्याची निव्वळ खूण म्हणून तेथे मुख्यतः दॅट, व्हेदर आणि प्रश्नार्थी इफ एवढेच उरतात. शाळेत हे सांगण्याची गरज नाही, पण 'आल्यानंतर', 'आल्यामुळे', 'आल्याशिवाय' अशी शब्दयोगी लावून गौण वाक्ये करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते ऐकून नवल वाटू नये.

खडूफळा

पाचवे वाक्य अजून शिल्लक आहे, ते निकालात काढतो. 'त्याने मला विचारले, की तू कोठे चालला आहेस?' मराठीत 'की' म्हटले की पुढे समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत एका सांध्याला एकच कडी, हे पुन्हा आठवावे. प्रश्नात 'व्हेअर' आधीच तोंडाशी उभा आहे आणि कडीचे काम तोच करतो, म्हणून 'दॅट' फाजील ठरतो. शिवाय तो आता प्रश्न राहिलेला नसून वाक्याचा एक भाग झालेला असल्याने उलटापालट संपते आणि कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो: 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे येणार असेल, तर व्हेअरसारखा शब्दच नसतो. तेव्हा आपल्या वाक्याच्या शेपटाचा 'का' इंग्रजीत तोंडाशी 'इफ' किंवा 'व्हेदर' होऊन बसतो.

पन्हाळ्याचे_धुके

सर, पद्धतीबद्दलचे माझे म्हणणे मी अजून सोडलेले नाही, पण आपण वर सांगितलेल्या 'विल'च्या नियमाला एक छेद सापडला, तो मांडतो. 'आय डोंट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य तर शुद्ध आहे. येथे 'व्हेन'च्या पोटात 'विल' कसा राहिला?

खडूफळा

चांगले पकडलेत. या वाक्याचे मराठी करून पाहा: 'तो कधी येईल, मला माहीत नाही.' येथे 'कधी' आला, 'जेव्हा' आला नाही. इंग्रजीत दोन्हींना व्हेन असा एकच शब्द आहे, पण आपल्याकडे ज-कारी आणि क-कारी शब्द वेगळे आहेत, आणि हा वेगळेपणा येथे आयता उपयोगी पडतो. मराठीत 'जेव्हा' किंवा 'आला की' बसत असेल, तर 'विल' लावू नये; 'कधी' बसत असेल, तर खुशाल लावावा. 'इफ'लाही हीच कसोटी लागते. 'पाऊस पडला तर' असेल तर 'इफ इट रेन्स', आणि 'पाऊस पडेल की नाही, कोण जाणे' असे असेल तर 'इफ इट विल रेन' चालते. ज्या मुलाला मराठी येते, त्याला हे वेगळे पाठ करावे लागत नाही, एवढे मात्र आपण मान्य करावे.

पन्हाळ्याचे_धुके

एवढे मान्य.

अर्धविराम

मावशी, नकाराच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. भाच्याला आज नाही तरी अकरावीत लागेल. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अँग्री.' याचे दोन अर्थ होतात. 'रागावलेला असल्यामुळे त्याने राजीनामा दिला नाही' हा एक, आणि 'त्याने राजीनामा दिला, पण तो रागामुळे नव्हे' हा दुसरा. पहिल्या अर्थी 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम देण्याची पद्धत आहे. एरवी गौण वाक्य आधी आले तर मधे स्वल्पविराम द्यावा, नंतर आले तर बहुधा लागत नाही. माझ्याकडे एकदा एका कराराचे भाषांतर आले होते, त्यात असेच एक 'बिकॉज' नकारानंतर स्वल्पविरामाशिवाय उभे होते. मी दोन्ही मराठी वाक्ये लिहून पाठवली आणि कोणते अभिप्रेत आहे, असे विचारले. उत्तर यायला चार दिवस लागले, कारण तेथे बसलेल्या दोघांचे आपसांत एकमत नव्हते.

मिरजेची_मावशी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी भाच्याला समोर बसवून गाइडचा तक्ता झाकून ठेवला आणि वहीच्या मागच्या पानावर नवा तक्ता करायला सांगितला. अट एवढीच, की उजवीकडे घरात बोलतो तसे पूर्ण मराठी वाक्य हवे. त्याने 'अंटिल'समोर 'कुकरची शिट्टी होईपर्यंत गॅस बंद करू नकोस' असे लिहिले, हे वाक्य अर्थातच माझे आहे. 'अनलेस'समोर 'आईला विचारल्याशिवाय मोबाइल मिळणार नाही' असे लिहिले. पाचपैकी चार वाक्ये त्याने स्वतःहून दुरुस्त केली; 'आस्क्ड'च्या वाक्यातून 'दॅट' गेला, पण 'आर यू' तसाच राहिला, तो मी पुन्हा समजावला.

मग त्याने मला एक प्रश्न टाकला, तो येथे पुढे सरकवते. 'ईव्हन इफ' आणि 'ईव्हन दो' या दोन्हींपुढे तो 'पाऊस आला तरी' असेच लिहून बसला आहे. मग कोठे कोणता लिहायचा?

खडूफळा

त्याला सांगावे, की 'तरी'पर्यंतचे वाक्य पाहून निवडता येणार नाही, पुढचे क्रियापद पाहावे लागेल. 'पाऊस आला तरी सामना होईल' यात पाऊस यायचा आहे किंवा कदाचित येणारही नाही, तेथे 'ईव्हन इफ'. 'पाऊस आला तरी सामना झाला' यात पाऊस येऊन गेला आहे, तेथे 'ईव्हन दो'. आणि 'पाऊस आला असता तरी सामना झाला असता' असे त्याने विचारलेच, तर तोही 'ईव्हन इफ', पण त्यापुढे 'हॅड कम' लागेल. त्यासाठी त्याला रविवारी सकाळी वही घेऊन बसवावे, एका रात्रीत एवढे पुरे.